‘एक वाटी गूळ’ हे संशोधकानं कसं वाचावं

पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना संशोधन पद्धतीचा पेपर कोरडा वाटतो. चल, नियंत्रित चल, विश्वसनीयता, सप्रमाणता या व्याख्या पाठ होतात आणि परीक्षा झाली की उडून जातात. म्हणून आज शोधनिबंध बाजूला ठेवू आणि तुमच्या घरात बहुधा असलेलं एक पुस्तक तपासायला घेऊ, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. ते नसेल तर दुसरं कुठलंही मराठी पाकपुस्तक चालेल. त्यातली गुळाची एखादी पाककृती काढा आणि ती निबंधातल्या ‘साहित्य आणि पद्धती’ या भागासारखी वाचा. वर साहित्य, खाली कृती, म्हणजे मांडणी तर आधीच तशी आहे.

आधी पुस्तकाला त्याचं श्रेय देऊ. ‘रुचिरा’ आलं १९७० साली. १९५६च्या वजनमाप कायद्यानंतर शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम व्यवहारात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं होत होती. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या जोडप्यांच्या स्वयंपाकघरात विचारायला सासू नव्हती, आई नव्हती आणि ताजवा तर नव्हताच. अशा घरात कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही मापं नेली. वाटी हे एकक नाही, असा आक्षेप तुम्ही लगेच घ्याल. तुमची वाटी लहान, माझी मोठी. पण सगळं साहित्य एकाच वाटीनं मोजलं तर वाटीचा आकार गणितातून निघून जातो आणि उरतं ते गुणोत्तर. एक वाटी डाळ, एक वाटी गूळ, म्हणजे एकास एक. ज्या घरात प्रमाणित माप नाही तिथं पुन्हा करता येईल अशी कृती पोचवायची, तर गुणोत्तरासारखा उपाय नाही. प्रयोग पुन्हा करता यावा हीच संशोधनाची पहिली अट असते. ती या पुस्तकानं बऱ्याच पदार्थांत पाळली आहे, म्हणून लाखभर घरांत ते अजून तेलकट पानांसकट वापरात आहे.

माझा आक्षेप पुढच्या शब्दावर आहे. वाटी समजली, गूळ कुठला?

रव्याचं किंवा साखरेचं ‘एक वाटी’ म्हणणं चालतं, कारण दाणे साधारण सारखे असतात आणि वाटीत सारखेच बसतात. गूळ किसला तर वेगळा बसतो, विळीवर चिरला तर वेगळा, बत्त्यानं फोडला तर आणखी वेगळा. खड्यांच्या मध्ये हवा राहते आणि ती हवाही आपण गूळ म्हणून मोजतो. घरात वजनकाटा असेल तर एकाच ढेपेतला गूळ तिन्ही प्रकारांनी वाटीत भरून तोलून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मापन-त्रुटी म्हणजे काय हे पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

पण हा फरक किरकोळ म्हणावा इतका मोठा फरक त्या गुळाच्या आत असतो. तो समजायला गुऱ्हाळात जावं लागेल. आमच्याकडं कोल्हापूर जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं जळत असतात. रस तापला की त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात. त्या चिकटपणात कचरा अडकून वर येतो आणि मळी म्हणून काढून टाकतात. रसाचा आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घालतात. आता यातलं रसायन बघा. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. उष्णता आणि आम्ल एकत्र आलं की सुक्रोज तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. या दोघांमुळं साखरेचे खडे नीट बनत नाहीत, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणीही ओढून घेतं. ऊस तोडून दोन दिवस पडून राहिला, चुना कमी पडला, रस जास्त वेळ उकळत राहिला, तर हे तुटणं वाढतं आणि गूळ चिकट, ओलसर होतो. चुना जास्त झाला तर रंग काळवंडतो. म्हणजे ऊस कुठल्या वाणाचा, कधी तोडला, चुना किती, काहील कधी उतरवली, हे सगळे चल त्या ‘एक वाटी गूळ’मध्ये दडलेले असतात. पाककृती लिहिणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि वाचणाऱ्यालाही नाहीत.

साधं गणित करू. समजा एका गुळात पाणी ५ टक्के आहे आणि दुसऱ्यात १०. पुरणाला अर्धा किलो गूळ घेतला, तर पहिल्या पुरणात गुळातून २५ ग्रॅम पाणी गेलं, दुसऱ्यात ५०. डाळ तीच, वाटी तीच, हात तोच. तरी दुसऱ्या घरातली पोळी लाटताना फुटणार, आणि दोष मात्र सुनेच्या हाताला लागणार. संशोधनाच्या भाषेत हा गोंधळ घालणारा चल आहे. घरच्या भाषेत त्याचं नाव ‘हिला जमत नाही’ असं असतं. मला या विषयाकडं ओढलं ते या दुसऱ्या नावानं.

बाजाराला मात्र गूळ एकच नाही हे चांगलं ठाऊक आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाची पेठ म्हणून. आजही मार्केट यार्डात दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात आणि रव्याला दर मिळतो तो बराचसा रंग बघून. (इथं रवा म्हणजे गुळाची ढेप, पारंपरिक ३० किलोची. शिऱ्याचा रवा नव्हे.) पिवळाधमक गूळ वर जातो, काळसर खाली. दर रंगाला असल्यामुळं काही ठिकाणी रंग उजळायला हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकलं जातं. तो उजळपणा टिकत नाही, साठवणुकीत गूळ पुन्हा काळवंडतो. गंधकाचा अंश मात्र मागं राहतो, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्यावर मर्यादा घातली आहे. गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारी वेगळ्याच. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ही अभिमानाची गोष्ट, पण मानांकनानं नाव सुरक्षित होतं. तुमच्या वाटीतल्या ओलाव्याबद्दल ते काही सांगत नाही.

सप्रमाणतेचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. मोजायची होती गुणवत्ता, मोजला रंग. मग ज्याला मोजलं जातं त्यालाच सगळे सुधारू लागले.

किराणा दुकानात गेलात तर आणखी एक शब्द ऐकाल, ‘चिक्कीचा गूळ’. दुकानदार विचारतो, वडीला पाहिजे का चिक्कीला? तिळाची मऊ वडी साध्या गुळाची, कडकडीत चिक्की चिक्कीच्या गुळाची. हे वर्गीकरण उपयोगावरून केलेलं आहे. प्रयोगशाळेतून आलेलं नाही, पण पाककृतीतल्या नुसत्या ‘गूळ’ या शब्दापेक्षा कितीतरी नेमकं आहे. ज्या पाककृतीत ‘चिक्कीचा गूळ’ असं लिहिलंय तिचे गुण मी लगेच वाढवतो.

आता प्रश्न असा की कच्चा माल इतका बदलता असूनही पुरणपोळ्या जमतात कशा? शेकडो वर्षं जमत आल्या आहेत. माझ्या मते या टीकेतला खरा मुद्दा इथं आहे. ‘जुन्या बायकांचं सगळं अंदाजपंचे’ असं आपण म्हणतो ते चूक आहे. त्यांची अचूकता आपण शोधतो तिथं, म्हणजे सुरुवातीच्या मापात, नसते. ती शेवटच्या खुणेत असते. पुरण आटवताना डाव मधोमध रोवायचा. तो आडवा न होता उभा राहिला की पुरण झालं. ही चाचणी गुळात पाणी किती होतं हे विचारतच नाही. जास्त होतं तर पुरण जास्त वेळ आटेल, डाव उशिरा उभा राहील. बस्स. पाकाचं तसंच. गार पाण्यात थेंब टाकायचा, बोटांनी गोळी वळते का बघायची. चिक्कीला ती गोळी ताटलीत टाकली की टणकन वाजली पाहिजे. गुऱ्हाळात गुळव्या, म्हणजे काहिलीवरचा मुख्य कारागीर, हेच करतो. काहिलीतला पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी बघतो आणि मग काहील उतरवायला सांगतो. थर्मामीटर लावला तर ती वेळ साधारण ११५ ते १२० अंश सेल्सिअसमध्ये येते. काहील आणि कढई यांत शंभर पट फरक, पण खूण एकच.

रसायनशास्त्रवाल्यांनी ही गोष्ट ओळखली असेल. अनुमापन करताना आपण ब्युरेटमधून किती थेंब जाणार हे आधी ठरवत नाही, रंग बदलला की थांबतो. अंतिम बिंदू महत्त्वाचा. कच्चा माल बदलता असेल तिथं अंतिम बिंदूवर नियंत्रण ठेवणं हीच शहाणी पद्धत.

म्हणून वाटीनं मोजणाऱ्या पाकपुस्तकांवर माझा आरोप उलटा आहे. त्यांनी मापं दिली याबद्दल तक्रार नाही. मापं देताना खुणांची जागा आक्रसली, ही तक्रार आहे. ‘एक वाटी गूळ घालून दहा मिनिटं शिजवा’ हे वाक्य ‘डाव उभा राहीपर्यंत आटवा’ या वाक्यापेक्षा शास्त्रीय दिसतं, कारण त्यात आकडे आहेत. प्रत्यक्षात ते कमी विश्वसनीय आहे. दहा मिनिटं कुठल्या आचेवर, कुठल्या बुडाच्या पातेल्यात? जिथं पुस्तक माप आणि खूण दोन्ही देतं तिथं ते उत्तम उतरतं, आणि असे कोणतेही पाकपुस्तक चाळताना पानापानावर पेन्सिलीनं खुणा करत जा, कुठं नुसतं माप आहे, कुठं नुसती खूण, कुठं दोन्ही. एका दुपारचं काम आहे, आणि आशय-विश्लेषणाचा सराव फुकटात.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘आजीचं सगळं शास्त्रीयच होतं’ ही घोषणासुद्धा तितकीच आळशी आहे. गोळीची चाचणी गार पाण्यावर अवलंबून आहे. कोल्हापुरात जानेवारीतल्या सकाळचं पाणी आणि मे महिन्यातल्या दुपारचं पाणी सारखं गार नसतं. टाकलेला थेंब मोठा की लहान, यानंही गोळी बदलते. ‘खमंग वास सुटेपर्यंत’ ही खूण तर नाकागणिक वेगळी. खूण चांगली की वाईट हे तिच्या वयावरून ठरत नाही. दोन माणसांनी एकाच पाकाला लावली तर दोघांचं उत्तर एक येतं का, यावर ठरतं.

काही ठिकाणी नुसता नियम असतो, खूण नाही आणि कारणही नाही. गव्हाच्या खिरीचं घ्या. खपली गहू शिजवून त्यात गूळ आणि नारळाचं दूध घालायचं, गाई-म्हशीचं दूध मात्र वाढताना वरून घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. कारण विचारलं तर ‘फाटतं’. गूळ किंचित आम्ल असतो, त्यात क्षारही असतात, आणि गरम दुधातली प्रथिनं ते सहन करत नाहीत. कारण कळलं की नियमाची हद्दही कळते. खीर निवल्यावर दूध घातलं तर धोका बराच कमी होतो. पुस्तकानं एक ओळ जास्त लिहिली असती तर वाचणारीला नियम पाळण्यापलीकडं विचारही करता आला असता.

आता जरा कटू बोलतो. ‘गूळ’ हा शब्द इतका सैल ठेवल्याचा सगळ्यात मोठा तोटा पुरणाला होत नाही, मधुमेह असलेल्या माणसाला होतो. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला की पथ्य पाळलं असं समजणारे तुमच्याही घरात असतील. गुळाचा मोठा भाग सुक्रोजच आहे. रंग पिवळा झाल्यानं रक्तातली साखर फसत नाही. ‘गुळात लोह असतं’ हेही खरं, पण किती खाल्ल्यावर? समजा १०० ग्रॅम गुळात ५ मिलिग्रॅम लोह धरलं, तर १० ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळालं. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. बाकीचं लोह गुळातून भरून काढायला निघालात तर काय होईल, हे गणित तुम्हीच करा.

आणि हे सगळं पाकपुस्तकांना सुनावताना आपल्या बिरादरीकडंही बघू. गुळावरचा एखादा प्रबंध उघडा. साहित्याच्या भागात बहुतेक वेळा एक ओळ सापडते, ‘गूळ स्थानिक बाजारातून खरेदी केला.’ संपलं. पुढं चाळीस पानं लोह, ओलावा, रंग, सगळं दोन दशांश स्थळांपर्यंत. ज्या चुकीसाठी आपण पाकपुस्तकाला अशास्त्रीय म्हणतो, ती इथं सांख्यिकीचा कोट घालून बसलेली असते. कमलाबाई नवख्या गृहिणींसाठी लिहीत होत्या, त्यांच्याकडून वाणाचं नाव मागणं अन्याय आहे. आपल्याकडून मागणं अन्याय नाही.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा, विषय गूळ असो की आणखी काही, त्या ओळीच्या जागी निदान एवढं लिहा: ऊस कुठल्या वाणाचा (को ८६०३२ की को ९२००५?), गुऱ्हाळ कुठल्या तालुक्यातलं, काहील कुठल्या महिन्यातली, शुद्धीकरणाला भेंडी वापरली की रसायन, विकत घेतल्यापासून तपासणीपर्यंत किती दिवस गेले आणि तेवढे दिवस गूळ कशात ठेवला. कोल्हापुरात असाल तर ऊस व गूळ संशोधन केंद्र इथंच आहे, वाणांबद्दल तिथं विचारता येतं. गुऱ्हाळात स्वतः जाता आलं तर उत्तमच, पण संक्रांतीच्या आत जा. एप्रिलनंतर बहुतेक चुलवाणं गार झालेली असतात.