'द गिव्हर'मधील अचूक भाषा

लोइस लाउरी या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' ही कुमारकादंबरी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली व तिला १९९४ चे न्यूबेरी पदक लाभले. युद्ध, भूक, इतकेच नव्हे तर रंगही नाहीसे केलेल्या एका वसाहतीचे चित्र तीत आहे. शब्द हिरावला की विचार खुंटतो, हे ऑर्वेलच्या '१९८४' (१९४९) मधील सूत्रच येथे मुलांसाठी सुलभ केले आहे, असा अभिप्राय वाचकाने देणे स्वाभाविक आहे. परंतु तो ग्राह्य नव्हे.

ऑर्वेलच्या राज्यात शब्दसंग्रह वर्षागणिक आक्रसतो. लाउरीच्या वसाहतीत अचूक शब्दयोजनेचा धाक आहे. जेवणापूर्वी आपली उपासमार होत असल्याचे म्हणणाऱ्या लहानग्या जोनासला समज मिळते : उपासमार येथे कोणाचीच होत नाही, सबब विधान असत्य. पुढे आईवडिलांचे आपल्यावर प्रेम आहे का, असे तो विचारतो, तेव्हा शब्द फार ढोबळ ठरवून त्याचा प्रश्नच निकालात काढला जातो.

याच काटेकोर भाषेत वृद्धांना, गुन्हेगारांना आणि जुळ्यांपैकी कमी वजनाच्या अर्भकाला 'मुक्त' करतात. असे एक अर्भक आपला पिता सुई टोचून मारतो, आणि तेही लाडिक स्वरात बोलत, हे जोनास चित्रफितीत पाहतो. मराठीतही 'देवाज्ञा झाली' असे म्हणतात. पण तेथे मृत्यू घडला हे बोलणारा व ऐकणारा दोघेही जाणतात. येथे ऐकणारा अजाण आहे आणि करणारा कृती जाणूनही तिचा न्याय करू शकत नाही. शब्द कृती झाकत नाही, अपराध झाकतो. कादंबरीचे खरे बळ या प्रसंगात आहे.

सफरचंदाचा लाल रंग मात्र जोनासला 'लाल' हा शब्द मिळण्यापूर्वीच जाणवतो. म्हणजे अनुभव शब्दावाचून अडत नाही, हे लेखिकेलाही मान्य आहे. उलट उन्हाची स्मृती मिळताच 'ऊन' हा शब्दही त्याच्या मनात आपोआप उमटतो. बोलणाऱ्यावाचून शब्द कसा शिकला जातो, याचा उलगडा कादंबरी करीत नाही. ही सोय कथानकाची आहे, भाषेची नव्हे.

जोनासच्या नियमपत्रिकेतील अखेरचे कलम त्याला खोटे बोलण्याची मुभा देते. ते वाचताच प्रत्येक प्रौढाला हेच कलम मिळाले असेल काय, ही शंका त्याला ग्रासते. अचूकतेचा सारा डोलारा या एका शंकेने हादरतो आणि तिचे निरसन करण्याचा मार्ग त्या भाषेत उरत नाही.