खांदेरीचे दीपगृह : जतनाच्या दृष्टीचा विचार

मुंबई बंदराच्या दक्षिण मुखाशी, थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी बेटाचा इतिहास बहुधा दोन तुकड्यांत लिहिला जातो. दुर्गेतिहास १८१८ मध्ये मराठी सत्तेच्या अस्ताबरोबर थांबतो. दीपगृहाची कथा १८६७ मध्ये, जणू निर्जन खडकावर, सुरू होते. या दोहोंचा सांधा सहसा जुळविला जात नाही. हा दोष केवळ लेखनाचा असता तर क्षम्य होता. जतनाच्या विचारातही तो उतरतो, म्हणून त्याची चिकित्सा अवश्य ठरते.

वस्तुतः दुर्ग आणि दीपगृह यांचे मूळ कारण एकच आहे. मुंबईचे इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्यावर वचक बसावा, म्हणून १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे तटबंदी आरंभिली. इंग्रजांनी जहाजे पाठवून विरोध केला. सिद्दीने १६८० मध्ये शेजारचे उंदेरी बेट बळकाविले. पुढे १७१८ मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्या काळात, इंग्रजांचा खांदेरीवरील हल्ला फसला. बंदराकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर येथून नजर ठेवता येई, हेच या झगड्याचे मर्म होय. १८६७ च्या दीपगृहाने या स्थानमाहात्म्याचा नेमका उलटा उपयोग केला. ज्या बेटाचा मुंबईच्या जहाजांना धाक होता, तेच त्यांना वाट दाखवू लागले. सत्तांतराचा याहून बोलका पुरावा क्वचितच आढळेल.

तेव्हा दीपगृहाला किल्ल्यावरील परके ठिगळ मानणे जितके चुकीचे, तितकेच किल्ल्याला दीपगृहाचे कुंपण मानणेही चुकीचे. नौकानयनाच्या साहाय्यक साधनांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने वारसा-दीपगृहे घोषित करण्याची तरतूद केली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर खांदेरीचा समावेश झाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि पहिलीचा निकष मनोरा हा आहे, तर दुसरीचा तट. बेटावरील वेताळाला भजणारा कोळी समाज या दोन्ही निकषांच्या बाहेरच राहण्याचा संभव आहे.

जतन म्हणजे एखादे शतक निवडून उरलेली पुसणे नव्हे. तट, मनोरा आणि देवस्थान यांची एकत्र नोंद व एकच आराखडा झाल्याखेरीज खांदेरीचे दगड कदाचित टिकतील; त्यांचा परस्परसंबंध मात्र हरवेल, आणि इतिहास तर त्या संबंधातच आहे.