पन्नास विधानांची साक्ष

प्रौढांच्या मनाची पारख करण्यासाठी रचलेल्या प्रश्नावलीस वाङ्मय म्हणावे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तिचे परीक्षण तरी वाङ्मयासारखेच व्हावयास हवे. कारण तिच्या एकेका वाक्यावर एखाद्याची स्वतःविषयीची समजूत उभी राहते अथवा ढासळते. स्वमग्नता आणि एडीएचडी यांच्या तपासणीस जाणाऱ्याच्या हाती सामान्यतः पडणाऱ्या दोन प्रश्नावल्या आम्ही या दृष्टीने पाहिल्या.

पहिली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. तीत ५० विधाने असून आपण प्रत्येकाशी कितपत सहमत आहो, हे चार पर्यायांतून सांगावयाचे असते. सुमारे निम्म्या विधानांना होकार दिल्याने गुण मिळतो, उरलेल्यांना नकार दिल्याने. हा तिचा मोठा गुण होय. सरसकट 'होय' म्हणणाऱ्या साक्षीदाराचे येथे काही चालत नाही. मूळ अभ्यासात स्वमग्न गटातील ८० टक्के प्रौढांना ३२ वा अधिक गुण पडले, तर सर्वसाधारण गटात केवळ २ टक्क्यांना.

दोष आहे तो तिच्या परिसराचा. मेजवानी की ग्रंथालय, नाट्यगृह की वस्तुसंग्रहालय, ही निवड इंग्लंडच्या नागर जीवनातली. आमच्याकडे लग्नमुंजीला अन् जत्रेला जाणे हा आवडीचा प्रश्नच नसतो. एखादी सून हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांशी काय बोलावे हे मनाशी पाठ करते, सायंकाळभर हसतमुखाने वावरते आणि रात्री अंधाऱ्या खोलीत निपचित पडते. लोकांत मिसळणे सोपे जाते काय, याला तिने काय उत्तर द्यावे? वरवर मिसळणे तिला साधले आहे. त्याची किंमत मात्र कोणी विचारीत नाही.

दुसरी, २००५ साली प्रसिद्ध झालेली, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने सिद्ध झाली. तिचे प्रश्न १८. पैकी पहिले ६ चाळणीचे. कामाचा शेवटचा भाग रखडणे, ठरलेल्या गोष्टी विसरणे, अशी तिची भाषा व्यवहारी असल्याने ती कोणत्याही घरात लागू पडते. परंतु ती विचारते गेल्या सहा महिन्यांविषयी, आणि एडीएचडीच्या निदानास तर लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीची लागतात.

म्हणून केवळ गुणांवर निकाल देणारी तपासणी अपुरी समजावी. जाणता तज्ज्ञ सविस्तर संभाषण करतो, बालपण विचारतो, आईवडिलांची वा भावंडांची हकीकत ऐकतो, शाळेची प्रगतिपुस्तके मागतो, आणि चिंता, नैराश्य, निद्राविकार यांनीही तशीच लक्षणे दिसतात काय हे तपासतो. दोन्ही अवस्था एकत्र असू शकतात, हे अमेरिकन निदानसंहितेने २०१३ मध्ये मान्य केले. त्यापूर्वी दोन्ही निदाने एकत्र देण्यास तीत मज्जाव होता.

कायद्याचा मार्ग निराळा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. खाजगी तज्ज्ञाचा अहवाल म्हणजे शासकीय प्रमाणपत्र नव्हे, हे ध्यानी असावे.

तपासणीस जाणाऱ्यास आमची एकच सूचना आहे. प्रत्येक उत्तराशेजारी आपल्या आयुष्यातला एक प्रसंग लिहून न्यावा. प्रश्नावलीत ज्याला जागा नाही, ते त्या प्रसंगांतून तज्ज्ञाच्या कानी पडेल.