पाण्याच्या संशोधनात माणूस कुठे आहे?

खाप्यावरून कन्हान नदी पुढे नागपूरच्या दिशेने जाते. नागपूर तिचे पाणी पिते आणि आपले सांडपाणी नाग नदीवाटे तिलाच परत करते. खाप्यात बसून शहरी पाण्यावरचे आंतरराष्ट्रीय संशोधन वाचताना ही नदी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

नागपूरला असे संशोधन नवे नाही. १९५८ साली येथे स्थापन झालेली संस्था १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते. २०१२ ते २०१५ या काळात भारत सरकार व युरोपीय संघ यांच्या सहकार्याने ‘नावाटेक’ प्रकल्प नागपूर-पुण्यात झाला. सांडपाणी वनस्पती, वाळू, खडी यांच्या साह्याने शुद्ध करून पुन्हा वापरायचे, हा त्याचा विषय. नागपुरात दयानंद पार्कची बाग त्यासाठी निवडली गेली.

या विज्ञानाला माझा नकार नाही. बाबासाहेबांना मानणाऱ्याने विज्ञानाला नकार देणे शक्यच नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते श्रममंत्री होते. तेव्हा दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा आदर्श घेतला गेला आणि तेथील अभियंता व्हुर्डुइन यांनी आराखडा तयार केला. परके ज्ञान बाबासाहेबांना वर्ज्य नव्हते. पण याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. पाणी किती, हा प्रश्न त्यांनी अभियंत्याला विचारला. पाणी कुणाचे, हा प्रश्न समाजाला विचारला. आजच्या संशोधनात पहिला प्रश्न उरला आहे, दुसरा गळून पडला आहे.

तो कसा गळतो, हे भाषेत दिसते. ‘भागधारक’ हा शब्द घ्या. पालिकेचा अधिकारी भागधारक, परदेशी तज्ज्ञ भागधारक आणि गटारात उतरणारा सफाई कामगारही भागधारक! एका शब्दाने सर्वांना एका पंगतीत बसवले. वाढपी मात्र बदलला नाही. ‘लाभार्थी’ या शब्दाचेही तेच. हक्क मागणारा नागरिक त्यात हात पसरणारा होतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तरी तेथील मृत्यू थांबलेले नाहीत. सांडपाण्याच्या शुद्धीचा विचार करताना जो विचार या मृत्यूंपाशी थांबत नाही, त्याला शाश्वत कसे म्हणावे?

माझी आई पाणवठ्यावर इतरांचे भरून होईपर्यंत रिकामी घागर घेऊन बाजूला उभी राहत असे. ते थांबणे कोणत्या मापाने मोजणार? आपल्या आत्मकथनांत पाणवठा निसर्गवर्णन म्हणून येत नाही, साक्ष म्हणून येतो. समीक्षकांनी ती साक्ष साहित्यात जमा केली आणि संशोधकांनी वाचलीच नाही. दोघांनीही तिला ज्ञान मानले नाही.

म्हणून अशा प्रत्येक भागीदारीला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. प्रश्न कोणी ठरवला? निष्कर्ष वस्तीला मराठीत मिळाले काय? परदेशी पैसा संपल्यावर यंत्रणा कोण चालवणार, आणि घाणीत हात कोणाचे जाणार? विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी हे प्रश्न घेऊन सभागृहात शिरावे. बोलावणे येण्याची वाट पाहू नये. महाडलाही आपल्याला कोणी बोलावले नव्हते.