हिब्रू मजकुराची संगणकी जुळणी : एक परीक्षण

मराठी ग्रंथांत हिब्रू मजकूर छापण्याचा प्रघात आजचा नाहीं. डॉ. जॉन विल्सन यांचें मराठींतील हिब्रू व्याकरण इ. स. १८३२ मधील आहे. बेने-इस्रायलांसाठीं वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईस इ. स. १८४६ त शिळाछापावर निघाली, व इ. स. १८७४ त पुण्यास सचित्र हग्गादा निघाली. तिच्या चित्रांत लुगडीं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करतांना दिसतात. शिळेसाठीं लिहिणाऱ्याचा हात जिकडून म्हणाल तिकडून चालतो. दिशेची खरी अडचण खिळ्यांच्या जुळणीपासून लागली, आणि संगणकानें ती दूर न करतां नजरेआड केली, असें आमचें मत आहे. ज्यांच्या संग्रहीं असे द्विभाषी ग्रंथ अथवा फारसी कागद आहेत व जे त्यांच्या नकला आतां संगणकावर उतरवीत आहेत, त्यांनीं पुढील विवेचन अवश्य लक्षांत घ्यावें.

युनिकोडचें मूलतत्त्व असें कीं, मजकूर उच्चाराच्या क्रमानें सांठवावा, आणि मांडतांना दिशेचे नियम लावून तो फिरवावा. हें तत्त्व निर्दोष आहे. संस्कृतज्ञांस तें नवें वाटूं नये. श्लोकाचा पदक्रम निराळा व अन्वय निराळा, तसाच हा प्रकार. पूर्वीं कित्येक ठिकाणीं हिब्रू उलट क्रमानें टंकून दिसण्यापुरती सुलट करीत असत. ओळींची लांबी बदलली कीं अवतरणाचा आरंभ खालच्या ओळींत व शेवट वरच्या ओळींत जाई. तो प्रकार मागें पडला हें ठीकच झालें.

दोष आहे तो अनुमानांत. अक्षराची दिशा ठरलेली असते. परंतु स्वल्पविराम, कंस व मोकळी जागा यांस स्वतःची दिशा नाहीं. ती यंत्र शेजाऱ्यांवरून ठरवितें. मराठी वाक्यांत ‘शालोम’ व ‘तोरा’ हे शब्द हिब्रू लिपींत, मध्यें स्वल्पविराम देऊन, लागोपाठ लिहिले तर यंत्र दोहोंस मिळून एकच हिब्रू तुकडा समजतें, आणि डावीकडून वाचीत येणाऱ्या मराठी वाचकास ‘तोरा’ आधीं भेटतो. साध्या गद्यांत हें खपेल. परंतु पाठभेदांच्या टीपेंत पहिला शब्द क प्रतींतला व दुसरा ख प्रतींतला असें सांगितलें असेल तर? शब्द शुद्ध, टीपही शुद्ध, आणि पाठांची मात्र अदलाबदल! मुद्रितें तपासणारास हिब्रू येत नसेल, तर ही चूक कोणाच्याच ध्यानीं येणार नाहीं.

अंकांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. देवनागरी आंकड्यांस युनिकोडनें अक्षरांप्रमाणेंच पक्की दिशा दिली आहे. इंग्रजी आंकडे मात्र दुर्बल वर्गांत घातले आहेत. मराठी वाक्यांत हिब्रू शब्दापुढें १२ हा आंकडा नागरींत लिहिला तर तो शब्दाच्या उजवीकडे राहतो. तोच इंग्रजींत लिहिला तर उडी मारून डावीकडे बसतो. एका पानावर एक व दुसऱ्यावर दुसरे आंकडे आले, तर वचनांचे क्रमांक भलत्याच शब्दास चिकटलेले दिसतील. आमचा आग्रह नागरी आंकड्यांचा आहे, व तो केवळ अभिमानापोटीं नव्हे.

डोनाल्ड क्नुथ व पिअर मॅके यांनीं इ. स. १९८७ त ‘टेक्’ या जुळणीच्या आज्ञावलीस जी पुरवणी सुचविली, तींत दिशा बदलल्याची खूण मजकुरांतच स्पष्ट द्यावयाची असते. इ. स. २००४ त आलेल्या ‘झीटेक्’मध्यें युनिकोडबरोबर या खुणांचीही सोय आहे. खुणा घालणें कष्टाचें खरें, पण संपादकाचा निर्णय तेथें लिहिलेला राहतो. युनिकोडनेंही इ. स. २०१३ त, ६.३ या आवृत्तींत, परका तुकडा अलग राखण्याच्या खुणा नव्यानें घातल्या. निव्वळ अनुमान पुरत नाहीं याची ती कबुलीच होय. संशोधकानें त्या खुणा वापरल्याच पाहिजेत.

स्वरखुणांचा प्रश्न दिशेहूनही नाजूक आहे. युनिकोडनें प्रत्येक खुणेस एक क्रमांक दिला असून, मजकूर प्रमाणरूपांत आणतांना एका अक्षराच्या खुणा त्या क्रमानें लावल्या जातात. हिरीकचा क्रमांक १४, पतहचा १७. आतां यरुशलेम या नांवांत लामेद अक्षराखालीं बहुधा पतह व हिरीक या दोन्ही खुणा येतात, आणि वाचनांत पतह आधीं. यंत्र हिरीक पुढें आणतें! स्थैर्याच्या नियमामुळें हे क्रमांक आतां बदलतां येत नाहींत. म्हणून दोहोंमध्यें एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याचा तोडगा निघाला आहे. मेतेगची उभी रेघ हस्तलिखितांत कधीं स्वरखुणेच्या उजवीस, कधीं डावीस असते. प्रमाणरूपांत ती नेहमींच स्वरखुणेच्या मागें जाते. जोडचिन्ह न घालतां केलेली नकल हातीं आली, तर मूळ लेखकानें रेघ कोणत्या बाजूस दिली होती हें तीवरून सांगतां येत नाहीं. त्यासाठीं पुन्हां पोथीच उघडावी लागते.