भगव्याखाली परकी शिडं

शिवजयंतीच्या सत्कारात लाकडी जहाज भेट देण्याची रीत आता आमच्या शेवगावापर्यंत पोचली आहे. काचेची पेटी, तळाशी ‘मराठा आरमार’ अशी पितळी पट्टी, वर चिमुकला भगवा. झेंडा आणि पट्टी काढली की उरतं ते स्पेनचं जहाज: उंच नक्षीदार पिछाडी, तीन सरळसोट डोलकाठ्या, प्रत्येकीवर एकावर एक चौकोनी शिडं. कान्होजी आंग्र्यांच्या खलाशांनी ते शत्रूचं समजून त्याच्यावर तोफ डागली असती. दुःख याचं की बनवणारा आळशी नसतो. त्याने एकेक दोरी ताणून बांधलेली असते, तोफांची एकेक झडप वेगळी कापलेली असते. एवढी चिकाटी भलत्याच जहाजावर खर्च होते आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

प्लॅस्टिकच्या १:३५० आणि १:७०० प्रमाणातल्या युद्धनौकांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. तिथे जहाजाचा विचार कारखान्याने आधीच करून ठेवलेला असतो, आपल्याकडे उरते ती जुळणी आणि रंगकाम. बाटलीतलं जहाज ही करामत आहे. थ्रीडी प्रिंटरमधून निघालेलं जहाज गुळगुळीत असतं, पण ते कसं बांधलं गेलं हे त्यातून कळत नाही. लाकडी किटपाशी मात्र थांबावं लागतं, कारण आपले चांगले हात तिथेच अडकले आहेत.

इटली-स्पेनच्या या किटमध्ये सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या असतात. खऱ्या जहाजाची फळी तशी नसते. ती पोटाशी रुंद आणि नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, निमुळती असते, आणि तिकडे जाताना वळते तशी पिळतेही. एकसारख्या पट्ट्या नाळेशी आल्या की त्यांची गर्दी होते. मग लांबी भरायची, घासायचं आणि रंगाखाली सगळं झाकायचं. याउलट जो प्रत्येक फळी तिच्या जागेवर मापतो, रंध्याने निमुळती करतो, वाफेवर वाकवून बसवतो, त्याला एकेका बाजूला आठवडे लागतात. पण त्याच्या कामाला झाकण्यासाठी रंग लागत नाही.

माझ्या लेखी हीच खरी कला. इंग्लंडच्या नेव्ही बोर्डाच्या सतराव्या शतकातल्या प्रतिकृती १:४८ प्रमाणात आहेत आणि त्यांच्या खालच्या भागाला मुद्दाम फळ्या मारलेल्या नाहीत. आतले वाक, म्हणजे जहाजाच्या फासळ्या, उघडे दिसतात आणि बांधणी वाचता येते. विसाव्या शतकात डोनाल्ड मॅकनॅरी यांनी इंचाला सोळा फूट इतक्या बारीक प्रमाणात जहाजं केली. त्या मापात दीडशे फुटी जहाज वीतभर होतं. तिथे प्रमाणाला सवलत नसते. वीस मिलिमीटर जाडीचा दोर १:१०० मध्ये ०.२ मिलिमीटर उरतो. शिवणाच्या दोऱ्याला लव असते, म्हणून त्याला मेण लावावं लागतं. कापडाचं शीड या मापात गोणपाटासारखं दिसतं, म्हणून जाणते पातळ कागद घेतात. सागाचे रेषे फार ठळक पडतात, तिथे हळदूसारखं बारीक पोताचं लाकूड हवं. जे जे डोळ्यांना दिसेल, ते खऱ्या जहाजाच्या हिशेबात बसलं पाहिजे. ही शिस्त दोऱ्याला लावायची आणि खुद्द जहाजाला लावायची नाही, हे कसं चालेल?

रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात केलेलं मराठा आरमारातल्या युद्धनौकेचं, म्हणजे गुराबेचं, वर्णन काळजीपूर्वक वाचा. लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून टोकाकडे निमुळती, पुढे लांब आलेली नाळ. डोलकाठ्या दोन, मोठ्या गुराबेला तीन. वजन दीडशेपासून तीनशे टनांपर्यंत. लाटेवर नाळ खूप खाली-वर होई आणि भरपूर पाणी अंगावर घेई. म्हणून मुख्य डेक आणि नाळ यांच्यामध्ये भक्कम पडदी असे, पाणी बाजूंनी ओघळून जाई, आणि त्याच पडदीतल्या खिडक्यांतून तोफा समोर, नाळेवरून मारा करत. गलबत त्याहून हलकं, क्वचितच सत्तर टनांपलीकडचं. एक मोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी लोळतं आणि गलबत वल्ह्यांवर त्याच्यापर्यंत जाऊन पोचतं, ही आंग्र्यांची युद्धनीती या आकारातच आहे. चौकोनी शिडांच्या खेळण्यात ती शोधून सापडणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आपल्या जहाजांचे आराखडे कुठे आहेत? हे दुखणं खरं आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचा ताफा जाळला, आणि पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूने उभी होती. बांधणीचं ज्ञान मिस्त्र्यांच्या हातात होतं, कागदावर नव्हतं. इंग्रजांची रीत पाहा. ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेचे आराखडे मुंबईला आणणारं ‘जावा’ हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हल्ल्यात गेलं, तेव्हा त्यांनी दुसरी प्रत पाठवली. त्या प्रतीवरून जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८१७ मध्ये सागवानी ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात सोडली. ती आजही हार्टलपूलला तरंगते आहे.

तरीही आराखड्यांची सबब मला मान्य नाही. गुराबेचा नसेल, पण फत्तेमारी या आपल्या किनारपट्टीच्या नौकेचा आहे. जॉन एडाय या जहाजबांधणी अधिकाऱ्याने १८३४ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या नौकांची मापं छापली. फ्रेंच आरमारातल्या एदमों पारी याने १८४१ ते १८४३ मध्ये आशियाई नौकांचे आराखडे प्रसिद्ध केले. मुंबईची फत्तेमारीही त्यात आहे. पुढे पॅरिसच्या संग्रहालयासाठी त्यावरून प्रतिकृतीही घडवल्या गेल्या. मध्याला किंचित उचललेला पठाण (तळाचा कणा), तिरकी लांब नाळ, पुढे झुकलेल्या डोलकाठ्या. सुमारे ७६ फुटी फत्तेमारी १:४८ मध्ये एकोणीस इंच भरते, म्हणजे टेबलावर मावते. फ्रेंचांनी आपलं जहाज मापून घडवलं आणि आपण बसून स्पेनचं जहाज घडवतो आहोत.

आणि आराखडा मुळीच नसेल तर काय करायचं, हे गोव्यात दिसलं. अजिंठ्याच्या चित्रावरून ‘कौंडिण्य’ ही काथ्याने फळ्या शिवलेली नौका उभी राहिली. आधी तिची लहान प्रतिकृती आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली गेली. मे २०२५ मध्ये ती नौका कारवारला नौदलात दाखल झाली आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघाली. प्रतिकृती ही विचार करण्याची जागा असते, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

शेवगावाला समुद्र नाही, हे कारणही कोणी पुढे करू नये. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींनी १९७८ मध्ये मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी काढली. ते राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णीत. सातवाहनांच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, आणि त्यांचं पैठण आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. प्रतिकृतीला कागद, लाकूड आणि चिकाटी लागते. यातलं काहीच समुद्रावर अवलंबून नाही.

कोकणच्या खाड्यांत लाकडी मचव्यांची जागा फायबर घेतो आहे. टेप, ओळंबा आणि पाणसळ घेऊन तंत्रनिकेतनाच्या मुलांनी ते मचवे मापून काढावेत, शासनाने ती मापं मराठीत छापावीत, आणि दिवाळीतल्या किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी आराखड्यावरून केलेल्या जहाजाला वेगळं बक्षीस ठेवावं. अशा मापांवरून उभा राहिलेला पहिला ओबडधोबड मचवासुद्धा आजच्या सगळ्या चकचकीत परक्या जहाजांपेक्षा वरच्या दर्जाचं काम ठरेल. परीक्षकांनी तो तसाच मानावा.