ग्रंथप्रसारासाठीची मुलाखत आणि समीक्षेतील पुरावा

प्रस्तावना

नवा ग्रंथ प्रकाशित झाला की लेखकाने वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांना मुलाखती द्याव्यात, ही ग्रंथव्यवहारातील रूढ रीत आहे. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचवण्याचा तो एक मार्ग असून त्यात आक्षेपार्ह काही नाही. प्रश्न उद्भवतो तो नंतर. विक्रीच्या निमित्ताने केलेली विधाने कालांतराने लेखकाची वाङ्मयीन भूमिका म्हणून समीक्षेत उद्धृत होऊ लागतात. हयात लेखकावरील प्रबंधाच्या परिशिष्टात त्याची मुलाखत जोडण्याचा प्रघात मराठी संशोधनाला परिचित आहे. त्या मुलाखतीतील वाक्ये संहितेच्या विश्लेषणाची जागा घेऊ लागली, तर संशोधनाचा पायाच डळमळीत होतो. म्हणूनच अशा मुलाखतीचे पुरावा म्हणून मूल्य किती, हे तपासणे अगत्याचे ठरते.

मुलाखतीचे दोन प्रकार

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संहितेभोवतीच्या मजकुराचा पद्धतशीर विचार मांडला. त्या ग्रंथाच्या नावाचा अर्थच 'उंबरठे' असा आहे. शीर्षक, अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना हा पुस्तकातला, तर पत्रे, रोजनिशी आणि मुलाखती हा पुस्तकाबाहेरचा उंबरठा होय. यातही जेनेत एक महत्त्वाचा भेद करतात. पुस्तकाच्या प्रकाशनाचे निमित्त साधून पत्रकाराने घेतलेली त्रोटक मुलाखत वेगळी आणि काही काळ लोटल्यावर, लेखनाशी आस्था असलेल्या व्यक्तीबरोबर झालेले सविस्तर संभाषण वेगळे. मराठीत या दोहोंना, तसेच साहित्य संमेलनाच्या मंचावरील प्रकट मुलाखतीलाही, 'मुलाखत' हा एकच शब्द लावला जातो. शब्दाच्या या एकरूपतेमुळे भिन्न दर्जाचे पुरावे एकाच पंक्तीत बसतात.

लेखकांची भिन्न धोरणे

व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी मुलाखतीवर पूर्ण नियंत्रण ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. प्रश्न लेखी यावेत, उत्तरे लेखीच दिली जातील आणि ती जशीच्या तशी छापली जावीत, अशी त्यांची अट असे. १९७५ साली 'आदा' या कादंबरीच्या फ्रेंच अनुवादाच्या निमित्ताने बर्नार पिवो यांच्या 'आपोस्त्रोफ' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते आले, तेव्हाही त्यांनी आधी लिहून आणलेली उत्तरेच वाचली. अशी मुलाखत म्हणजे उत्स्फूर्त कबुली नव्हे. ते लेखकाचे आणखी एक लेखन असते आणि त्याचे वाचनही त्याच सावधपणे व्हावयास हवे.

याउलट एलेना फेरान्ते या टोपणनावाने लिहिणाऱ्या इटालियन लेखिकेने पहिली कादंबरी येण्यापूर्वीच, १९९१ मध्ये, प्रसिद्धीकार्यात सहभागी होण्यास प्रकाशकांना पत्राने नकार कळवला. पुढे त्यांनी बहुतांशी लेखी मुलाखती दिल्या. तथापि ही अनुपस्थितीच कुतूहलाचा विषय बनली आणि २०१६ मध्ये एका पत्रकाराने त्यांची खरी ओळख शोधल्याचा दावा केला. नकार देऊनही लेखक प्रसिद्धीच्या वर्तुळाबाहेर राहू शकत नाही, असे या उदाहरणावरून दिसते.

मराठीत जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून सभा-समारंभांपासून कटाक्षाने दूर राहिले. त्यामुळे त्यांच्या कथेचे महत्त्व उणावले नाही. मात्र १९८७ साली त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांची पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि कथांचा अर्थ पत्रांत शोधण्याचा मोह निर्माण झाला. लेखक बोलला नाही, तरी त्याच्या शब्दाचा आधार घेण्याची अभ्यासकाची ओढ कायम राहते.

दोन अमेरिकन प्रसंग

२००१ साली जोनाथन फ्रॅन्झेन यांच्या 'द करेक्शन्स' या कादंबरीची निवड ओप्रा विन्फ्री यांच्या 'बुक क्लब'साठी झाली. मुखपृष्ठावरील त्या क्लबच्या बोधचिन्हाबद्दल, तसेच या निवडीमुळे पुरुष वाचक दुरावतील की काय याबद्दल फ्रॅन्झेन यांनी मुलाखतींतून अस्वस्थता व्यक्त केली. परिणामी कार्यक्रमाचे निमंत्रण मागे घेण्यात आले. त्याच वर्षी या कादंबरीला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. या मुलाखतींवरून कादंबरीच्या रचनेविषयी फारसे हाती लागत नाही. परंतु अभिजन आणि लोकप्रिय अभिरुचीतील तत्कालीन ताणाचा तो बोलका दस्तऐवज आहे.

जेम्स फ्राय यांचे उदाहरण याहून निराळे आहे. 'अ मिलियन लिटल पीसेस' हे त्यांचे पुस्तक २००३ मध्ये आत्मकथन म्हणून प्रकाशित झाले व २००५ मध्ये त्याच क्लबसाठी निवडले गेले. जानेवारी २००६ मध्ये त्यातील काही प्रसंग अतिरंजित वा कल्पित असल्याचे उघड झाले आणि विन्फ्री यांनी त्यांना पुन्हा कार्यक्रमात बोलावून जाब विचारला. कादंबरीकाराने मुलाखतीत काही सांगितले, तरी कादंबरी त्यास बांधील नसते. आत्मकथनाचा वाचकाशी होणारा करारच सत्याचा असल्याने तेथे लेखकाचे संहितेबाहेरील विधान गैरलागू ठरत नाही. मराठीत आत्मकथनाची समृद्ध परंपरा असल्यामुळे साहित्यप्रकारानुसार पुराव्याचे मूल्य बदलते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे विम्साट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्येच प्रतिपादन केले होते. त्याचा अर्थ मुलाखती त्याज्य आहेत असा नव्हे. ग्रंथाचा प्रसार, अभिरुची आणि लेखकाची सार्वजनिक प्रतिमा यांच्या अभ्यासासाठी त्या मोलाच्या आहेत. मात्र मुलाखत केव्हा दिली गेली, कोणासाठी दिली गेली, ती लेखी होती की मौखिक आणि लेखकाने ती प्रसिद्धीपूर्वी तपासली होती काय, याची नोंद संशोधकाने केली पाहिजे. मार्गदर्शकानेही तिचा आग्रह धरावयास हवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लेखकाच्या विधानाला संहितेत आधार सापडतो काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे. आधार सापडला, तर ते विधान विश्लेषणास पूरक ठरते. तो न सापडल्यास संशोधकाने लेखकाचे विधान बाजूस ठेवून संहितेकडे परतणे, हेच समीक्षेचे कर्तव्य होय.